जहाजाच्या तळाचा रंग आणि निर्वंश होणारे शंख

समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवलेली कोणतीही वस्तू फार दिवस स्वच्छ राहत नाही. काही तासांतच तिच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो. मग सूक्ष्म शेवाळ येते आणि त्यानंतर चुन्याच्या कवचाचे बार्नेकल, शिणाणे, कालवे, नळ्यांत राहणारे कृमी असे एकेक जीव वस्तीला येतात. बंदरातील बोये, धक्क्याचे खांब आणि होड्यांचे तळ यांवर हे दृश्य किनाऱ्यावरील प्रत्येकाने पाहिलेले असते. खडकावर हीच वस्ती जैवविविधता म्हणून ओळखली जाते. जहाजाच्या तळावर मात्र ती उपद्रव ठरते. खरखरीत झालेल्या तळाला पाण्याचा विरोध वाढतो, वेग मंदावतो, इंधनाचा खर्च चढतो आणि तळाला चिकटलेले जीव एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर पोहोचतात.

हा उपद्रव टाळण्यासाठी माणसाने पूर्वापार उपाय शोधले. कोठे डांबर, कोठे चुना, कोठे काजूच्या टरफलाचे तेल लाकडी होड्यांना लावले जाई. अठराव्या शतकात ब्रिटिश आरमाराने लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनशास्त्राने या सर्वांहून प्रभावी असा उपाय दिला. तो म्हणजे ट्रायब्युटिलटिन, अर्थात कथिलाचे एक सेंद्रिय संयुग मिसळलेला रंग. या रंगाने जहाजांचे तळ स्वच्छ राहिले; परंतु त्याच्याशी काहीही संबंध नसलेले समुद्री शंख जगभरच्या बंदरांतून निर्वंश होऊ लागले. गोव्याचा किनाराही त्याला अपवाद राहिला नाही. एखादे रसायन जैवविविधतेवर कोणत्या मार्गाने आघात करते, याचे इतके तपशीलवार अभ्यासले गेलेले उदाहरण क्वचितच आढळते.

रंगातील कथील

धातुरूपातील कथील फारसे विषारी नाही. भांड्यांना कल्हई करण्यासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आहे. मात्र कथिलाच्या अणूला कार्बनच्या साखळ्या जोडल्या की त्याचे गुणधर्म पालटतात. तीन ब्युटिल साखळ्या जोडलेले ट्रायब्युटिलटिन चरबीत सहज विरघळते, पेशींच्या आवरणातून आत शिरते आणि अत्यल्प मात्रेतही परिणाम घडवते. प्रारंभी बुरशीनाशक आणि लाकूड टिकवणारे द्रव्य म्हणून त्याचा वापर झाला. १९६०च्या दशकापासून ते जहाजांच्या रंगात आले.

१९७०च्या दशकात या रंगाचा सुधारित प्रकार निघाला. त्यात विष रंगाच्या घटकालाच रासायनिक बंधाने जोडलेले असे. समुद्राच्या पाण्याशी संपर्क येताच वरचा पातळ थर हळूहळू सुटे, विष ठरावीक गतीने बाहेर पडे आणि खालचा नवा गुळगुळीत थर उघडा होई. जहाज चालत राहिले की रंग आपोआप घासला जाऊन ताजा राही. एकदा रंगवलेले जहाज पाच वर्षांपर्यंत कोरड्या गोदीत न्यावे लागत नसे. जहाजकंपन्यांच्या दृष्टीने हा मोठा लाभ होता आणि जगातील बहुसंख्य मोठ्या जहाजांनी हा रंग स्वीकारला. त्याच्या यशाचे कारण हेच त्याच्या दोषाचे मूळ होते. ज्या पाण्यात जहाज उभे राही, त्या पाण्यात विष अखंड झिरपत राही.

आर्काशाँच्या उपसागरातील कालवे

धोक्याची पहिली मोठी सूचना फ्रान्समधून आली. बोर्डो शहराजवळील आर्काशाँचा उपसागर कालवांच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे. याच उपसागरात हौशी नौकाही मोठ्या संख्येने नांगरलेल्या असत. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून तेथील कालवांच्या शिंपल्या विचित्र रीतीने जाड होऊ लागल्या. त्यांच्या थरांमध्ये पोकळ्या पडत आणि त्यांत चिकट द्रव भरलेला असे. अशा कालवांना बाजारात भाव नव्हता. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे कालवांच्या अळ्या वाढेनाशा झाल्या. १९७७ ते १९८१ या काळात नव्या पिढीचे कालव उपसागरात जवळपास रुजलेच नाहीत आणि शेतकऱ्यांचे उत्पन्न कोसळले.

संशोधनाचा रोख नौकांच्या रंगाकडे वळला. जानेवारी १९८२मध्ये फ्रान्सने २५ मीटरहून लहान नौकांसाठी या रंगाच्या वापरावर निर्बंध आणले. पुढील हंगामांत कालवांची पिल्ले पुन्हा दिसू लागली आणि शिंपल्यांतील विकृतीही कमी होत गेली. विषाचा पुरवठा थांबल्यावर जीवसृष्टी सावरू शकते, याचा हा दिलासादायक पुरावा होता. परंतु सर्वच जीव इतक्या लवकर सावरले नाहीत.

मादीवर लादलेले नरत्व

इंग्लंडच्या प्लिमथ परिसरातील खडकांवर न्युसेला लॅपिलस नावाचा लहान मांसभक्षी शंख विपुल आढळतो. १९७०च्या सुमारास तेथील माद्यांच्या अंगावर नराच्या जननेंद्रियासारखी वाढ दिसल्याची नोंद झाली. त्याच सुमारास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील दुसऱ्या एका शंखातही असाच प्रकार आढळला. मादीवर आरोपित झालेल्या या नरत्वाला शास्त्रज्ञांनी ‘इम्पोसेक्स’ हे नाव दिले. त्याचा संबंध जहाजांच्या रंगाशी जोडला जाण्यास मात्र १९८१ साल उजाडले. दरम्यान दहा-अकरा वर्षे रंगाचा खप वाढतच राहिला होता.

ही विकृती टप्प्याटप्प्याने वाढते. प्रथम मादीमध्ये शुक्रवाहिनीचा एक तुकडा आणि जननेंद्रियाचा उंचवटा निर्माण होतो. या अवस्थेत ती अंडी घालू शकते. विषाची मात्रा वाढली की शुक्रवाहिनी वाढत जाऊन अंडी बाहेर पडण्याचा मार्ग बुजवते. मग अंड्यांच्या पिशव्या आतच साचून राहतात आणि अखेरीस मादी मरण पावते. या प्रगतीला शास्त्रज्ञांनी शून्य ते सहा अशा पायऱ्या दिल्या आहेत. पाचव्या पायरीवर मादी वांझ होते.

हे घडण्यासाठी लागणारी मात्रा कल्पनेपलीकडची सूक्ष्म आहे. एक लिटर पाण्यात सुमारे एक नॅनोग्रॅम ट्रायब्युटिलटिन असले तरी न्युसेलाच्या माद्यांत विकृतीची सुरुवात होते. एक ग्रॅम पदार्थ १०० कोटी लिटर पाण्यात, म्हणजे ऑलिंपिक आकाराच्या सुमारे ४०० तरणतलावांत विरघळवला, तर ही मात्रा मिळते. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी असे अंश मोजणेच कठीण होते. उपकरणांना जे दिसत नव्हते, ते शंखांच्या शरीरांनी आधीच नोंदवले होते.

यामागील यंत्रणेचा उलगडा होण्यास आणखी बराच काळ लागला. रसायनामुळे शंखातील संप्रेरकांचा तोल ढळत असावा, असे प्रथम मानले जाई. २००४मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की ट्रायब्युटिलटिन पेशींतील ‘रेटिनॉइड एक्स’ नावाच्या ग्राहक-प्रथिनाला जाऊन चिकटते. कुलुपात दुसरी किल्ली फिरावी त्याप्रमाणे ते शरीराच्या वाढीच्या सूचना चुकीच्या वेळी व चुकीच्या देहात सुरू करते. हे ग्राहक-प्रथिन पृष्ठवंशीय प्राण्यांतही असते. त्यामुळे या संशोधनाचे महत्त्व शंखांपुरते मर्यादित राहत नाही.

भक्षक गेला, खडक बदलला

रासायनिक प्रदूषण म्हटले की पाण्यावर तरंगणारे मृत मासे डोळ्यांसमोर येतात. ट्रायब्युटिलटिनने केलेली हानी अशी दिसत नव्हती. प्रौढ शंख खडकांवर हिंडत होते, खात होते, पाहणाऱ्याला निरोगी भासत होते. त्यांच्यामागे पिल्ले मात्र येत नव्हती. काही वर्षांनी म्हातारे शंख संपले आणि खडक रिकामे झाले. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर नौकातळांजवळच्या अनेक ठिकाणांहून न्युसेला अशा रीतीने नाहीसा झाला.

या शंखाचे मुख्य अन्न म्हणजे बार्नेकल आणि शिणाणे. त्यांच्या कवचाला भोक पाडून तो आतील मांस खातो. त्याच्या भक्षणामुळे खडकावर मोकळी जागा निर्माण होते आणि तेथे शेवाळ, अन्य गोगलगायी व लहान जीव यांना आसरा मिळतो. भक्षक नाहीसा झाला की ही घडी बदलते. यातील विसंगती लक्षणीय आहे. जहाजावरील बार्नेकल हटवण्यासाठी तयार केलेल्या रसायनाने किनाऱ्यावर बार्नेकल खाणाऱ्या प्राण्यालाच हटवले.

सावरण्याची गतीही जिवाच्या जीवनक्रमावर ठरते. कालवांच्या अळ्या पाण्यात तरंगत दूरवर जातात, त्यामुळे ओस पडलेल्या जागी त्या पुन्हा पोहोचू शकतात. न्युसेलाच्या पिल्लांना तरंगणारी अवस्थाच नसते. ती अंड्यांच्या पिशवीतून थेट खडकावर रांगत येतात. एखाद्या खाडीतून हा शंख संपला की शेजारच्या खाडीतून तो परतण्यास अनेक वर्षे लागतात. एकाच रसायनाचा घाव दोन जातींना सारखा बसला, तरी त्यातून उठण्याची ताकद सारखी नसते.

ज्या शंखांच्या अळ्या तरंगत येतात, त्यांच्या बाबतीत वेगळी फसगत होते. बंदरातील माद्या वांझ झाल्या तरी बाहेरून येणाऱ्या अळ्यांमुळे शंखांची संख्या टिकून राहते. केवळ मोजणी करणाऱ्याला सारे आलबेल वाटते. प्रत्यक्षात ती वस्ती स्वतःच्या बळावर उभी नसते.

गोव्याच्या किनाऱ्यावरील नोंद

मुरगाव हे पश्चिम किनाऱ्यावरील नैसर्गिक बंदरांपैकी एक. लोहखनिजाच्या निर्यातीमुळे येथे अनेक दशके मोठी जहाजे येत राहिली. २०१२मध्ये खाणकाम थांबेपर्यंत मांडवी आणि झुआरीतून खनिजवाहू बार्जची सतत ये-जा असे. जहाजबांधणी व दुरुस्तीच्या गोद्या, मासेमारीचे ट्रॉलर आणि पर्यटकांच्या नौका यांची त्यात भर होती. म्हणजे ज्या परिस्थितीत युरोपात ही समस्या उद्‌भवली, तीच परिस्थिती येथेही होती.

दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९९मध्ये भारतीय समुद्रातील इम्पोसेक्सची नोंद प्रसिद्ध केली. ज्या शंखात ती आढळली त्याचे शास्त्रीय नाव क्रोनिया कोंकणेन्सिस; नावातच कोकणभूमी असलेला हा खडकाळ किनाऱ्यावरील मांसभक्षी शंख. पुढे २००६मध्ये याच संस्थेतील संशोधकांनी गायरिनियम नॅटेटर हा दुसरा शंख भारतीय किनाऱ्यावर या प्रदूषणाचा दर्शक म्हणून उपयुक्त ठरू शकतो, असे मांडले. पश्चिम किनाऱ्यावरील पाणी, गाळ, जैविक थर आणि खडकांवरील कालव यांतही ब्युटिलटिन संयुगांचा शोध घेतला गेला. गोवा विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी हे विष सहन करणाऱ्या व त्याचे विघटन करणाऱ्या सागरी जिवाणूंचा अभ्यास केला. जगातील एका मोठ्या पर्यावरणीय प्रश्नाचे दाखले आपल्याच खाडीत सापडत होते आणि ते तपासण्याचे ज्ञानही येथेच उपलब्ध होते.

गाळातील साठा

सूर्यप्रकाश आणि जिवाणू यांच्यामुळे पाण्यातील ट्रायब्युटिलटिनचे काही दिवसांत किंवा आठवड्यांत विघटन होते. एकेक ब्युटिल साखळी गळून ते कमी विषारी होत जाते. तळाच्या गाळात मात्र प्रकाश पोहोचत नाही आणि प्राणवायूही नसतो. तेथे हे संयुग मातीच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षे टिकते. गोद्यांच्या परिसरात तर जुन्या रंगाच्या खरवडलेल्या पापुद्र्यांचे तुकडेच गाळात मिसळलेले असतात.

त्यामुळे बंदी आल्यानंतरही बंदरांचा तळ हा जुन्या विषाचा साठा ठरतो. हा साठा हलला नाही तर नव्या गाळाखाली हळूहळू गाडला जातो. जलमार्ग खोल करण्यासाठी उपसा केला, तर तो पुन्हा पाण्यात मिसळण्याची शक्यता असते. म्हणून उपशापूर्वी गाळातील सेंद्रिय कथिलाची तपासणी करणे आणि दूषित गाळ कोठे टाकायचा हे त्यावरून ठरवणे, ही पद्धत अनेक देशांनी स्वीकारली आहे.

एकावर एक ताण

खाडीतील जीव एकट्या रसायनाला तोंड देत नाहीत. मांडवी-झुआरीच्या खाड्यांत पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी येऊन क्षारता झपाट्याने उतरते आणि उन्हाळ्यात ती पुन्हा चढते. हा नैसर्गिक चढउतार सोसण्यासाठी शिंपल्यांतील जिवांना आपली बरीच शक्ती खर्चावी लागते. त्यात डोंगर उकरल्याने वाहून येणारी माती कालव-तिसऱ्यांच्या कल्ल्यांवर बसते. सांडपाण्यामुळे पाण्यातील प्राणवायू घटतो. समुद्राचे तापमान वाढते. प्रत्येक ताण वेगळा मोजला तर सोसण्याजोगा वाटतो. पण शरीराची शक्ती एकच असते. जी शक्ती तगून राहण्यात जाते, ती अंडी घालण्यासाठी उरत नाही.

विषारीपणाच्या बहुतेक चाचण्या प्रयोगशाळेत एका वेळी एका रसायनावर, एका जातीवर आणि थोड्या दिवसांसाठी होतात. किती प्राणी मेले, हा त्यांचा मुख्य प्रश्न असतो. ट्रायब्युटिलटिनने या पद्धतीची मर्यादा उघड केली. मारक मात्रेहून कितीतरी कमी मात्रेत ते वंशाचा मार्ग बंद करत होते आणि ते पाहण्यासाठी मृत्यूऐवजी प्रजननाकडे लक्ष देणे आवश्यक होते.

बंदी आणि तिच्या मर्यादा

फ्रान्सनंतर १९८७मध्ये ब्रिटनने आणि १९८८मध्ये अमेरिकेने लहान नौकांवर या रंगाला प्रतिबंध केला. मोठ्या जहाजांना सूट होती, कारण ती बराच काळ खोल समुद्रात असतात आणि तेथे विष विरळ होते, असा समज होता. १९९०च्या दशकात उत्तर समुद्रातील वर्दळीच्या जलमार्गांखालील शंखांतही इम्पोसेक्स आढळला आणि हा समज गळून पडला.

ऑक्टोबर २००१मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांवरील हानिकारक रंगप्रणालींच्या नियंत्रणाचा करार संमत केला. १ जानेवारी २००३नंतर कथीलयुक्त रंग नव्याने लावू नये आणि १ जानेवारी २००८नंतर तो जहाजांच्या पृष्ठभागावर क्रियाशील स्थितीत राहू नये, अशी त्यात तरतूद होती. करार १७ सप्टेंबर २००८ रोजी अंमलात आला. भारतात व्यापारी नौवहन कायद्यात २०१४मध्ये दुरुस्ती होऊन त्यातील तरतुदींना स्थान मिळाले.

या व्यवस्थेत ४०० टनभार किंवा त्याहून मोठ्या आंतरराष्ट्रीय जहाजांना तपासणी व प्रमाणपत्र आवश्यक आहे. त्याहून लहान, परंतु २४ मीटर किंवा अधिक लांबीच्या जहाजांसाठी मालकाचे घोषणापत्र पुरते. त्याखालील नौकांच्या बाबतीत मात्र अशा कागदपत्रांची शिस्त नाही. किनाऱ्यालगत, उथळ आणि संथ पाण्यात सर्वाधिक काळ उभ्या असतात त्या याच नौका. जून-जुलैमधील मासेमारी बंदीच्या काळात ट्रॉलर किनाऱ्यावर ओढून त्यांची डागडुजी व रंगकाम होते. तेव्हा जुना रंग खरवडून कोठे पडतो आणि नवा कोणता लावला जातो, हे खाडीच्या दृष्टीने मोठ्या जहाजाच्या प्रमाणपत्राइतकेच महत्त्वाचे आहे.

पर्यायी रंगांचा प्रश्न

कथील गेले आणि तांबे परतले. आजचे बहुतेक रंग तांब्याच्या संयुगांवर आधारित असून शेवाळ रोखण्यासाठी त्यांत अन्य विषे मिसळली जातात. त्यांपैकी सायब्युट्रीन हे प्रकाशसंश्लेषण रोखणारे रसायन समुद्री गवत आणि प्रवाळांतील सूक्ष्म शैवाल यांनाही बाधक असल्याचे दिसले. अखेर त्याच आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती करून १ जानेवारी २०२३पासून त्याच्या नव्या वापरावर बंदी घालण्यात आली. एका विषाची जागा दुसऱ्याने घ्यावी, मग त्याचे परिणाम कळावेत आणि त्यावरही बंदी यावी, असा हा क्रम आहे.

तळाला काहीच न लावणे हा पर्याय नाही. अस्वच्छ तळांवरून परकीय जाती नव्या किनाऱ्यांवर पोहोचतात. मध्य अमेरिकेतील मायटिलॉप्सिस सॅली ही शिंपली १९६०च्या दशकात विशाखापट्टणमच्या बंदरात आढळली आणि तेथील तळावरील वस्तीत तिने मोठी जागा व्यापली. म्हणजे रंग लावल्यास विषाचा धोका आणि न लावल्यास परकीय जातींचा. जीव चिकटूच नयेत असे गुळगुळीत, विषरहित सिलिकॉनचे लेप आणि नियमित साफसफाई यांकडे आता अधिक लक्ष दिले जात आहे. हे लेप महाग असून वेगाने चालणाऱ्या जहाजांवर अधिक उपयोगी ठरतात. धक्क्याला उभ्या राहणाऱ्या नौकांवर त्यांचा परिणाम कमी होतो.

शंखाची साक्ष

बंदीचा उपयोग झाला, हे निःसंशय. ब्रिटनमधील अनेक ओस खडकांवर न्युसेला परतला. नॉर्वेत दीर्घकाळ तपासल्या जाणाऱ्या ठिकाणी २०१७मध्ये इम्पोसेक्स दिसेनासा झाला. हे ठामपणे सांगता येते, कारण तेथे दर काही वर्षांनी त्याच खडकांवरील शंख त्याच पद्धतीने तपासले जात होते.

ही तपासणी फारशी खर्चिक नाही. ठरलेल्या जागेवरून ठरावीक संख्येने शंख गोळा करायचे, त्यांना बधिर करून कवच काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली माद्यांची पायरी नोंदवायची. कुशल मार्गदर्शन असेल तर महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही ती होऊ शकते. मुरगाव, दोनापावला आणि बंदरापासून दूरचा एखादा स्वच्छ खडक, अशी तुलना नियमितपणे झाली, तर खाडी सावरत आहे की गाळातील जुने विष पुन्हा वर येत आहे, हे कळण्यास मोठे साहाय्य होईल.

गोव्यात शिणाणे, तिसऱ्या आणि कालव हे ताटातले अन्न आहे आणि अनेक कुटुंबांची रोजची मिळकतही. झुआरीच्या चिखली उपसागरात त्या चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्या आढळतात, ज्यांनी जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना उजेड दिला. या जिवांचे भवितव्य त्यांच्या आजच्या संख्येवरून पुरते समजत नाही. पुढील पिढी रुजते आहे की नाही, हे पाहावे लागते. किनाऱ्यावर प्रौढ शंख भरपूर आणि पिल्ले विरळ दिसू लागली, तर तो तपासणीचा पहिला इशारा मानला पाहिजे.